पहिला नंबर कुणाचा?

मंडळी, "सर्वांत मोठा कोण?" या प्रश्नाचं आपल्याला भारी वेड आहे. लता की आशा, गावसकर की तेंडुलकर... एकदा का हा विषय निघाला की चहाचे कप रिकामे होतात, पुन्हा भरतात, पण निकाल काही लागत नाही. काहींना असले वाद म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणजे पस्तीस वर्षं मुलांना नंबर देण्याचंच काम केलं. नंबर देताना मुलांबद्दल जेवढं कळतं त्याहून जास्त नंबर देणाऱ्याबद्दल कळतं. तो कशाला मार्क देतो, कशाला देत नाही आणि कशाची परीक्षाच घेत नाही, हे सगळं त्यात उघडं पडतं.

आमच्या घरातला सध्याचा वाद मात्र जरा आडवळणाचा आहे. ब्रिटनचा आजवरचा सर्वश्रेष्ठ सायकलपटू कोण?

तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं वय काय, तुमचा विषय काय, आणि हे काय मध्येच! तर त्याचं असं आहे. माझी लेक आणि जावई इंग्लंडात लीड्सला असतात. २०१४ च्या उन्हाळ्यात मी तिकडे होते, आणि त्या वर्षी नेमकी 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध सायकल शर्यत लीड्सहून सुरू झाली. (फ्रान्सची शर्यत इंग्लंडातून का, असं मीही विचारलं होतं. मधूनमधून ती शेजारच्या देशातून सुरू करतात.) ५ जुलैला आम्ही ओटली नावाच्या छोट्या गावात रस्त्याच्या कडेला उभे होतो. गावोगाव जुन्या सायकली पिवळ्या रंगवून भिंतींवर, कुंपणांवर टांगलेल्या. आमच्या वारीच्या वाटेवर जशी माणसं पहाटेपासून जागा धरून बसतात, तशी माणसं बसलेली. आणि तासन् तास वाट पाहिल्यावर शर्यत आली ती अर्ध्या मिनिटात निघून गेली! नुसता वारा आणि साखळ्यांचा सळसळाट.

नातू तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याचा जीव मार्क कॅव्हेंडिशवर. पहिला टप्पा हॅरोगेटला संपणार होता, ते कॅव्हेंडिशच्या आईचं गाव. तिथे तो जिंकणार असं नातवाने जाहीरच केलं होतं. आणि शेवटच्या काहीशे मीटरांत कॅव्हेंडिश पडला, खांदा निखळला, शर्यत सोडावी लागली. संध्याकाळी नातू जेवला नाही. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय आहे. पुढे ३ जुलै २०२४ ला त्याच कॅव्हेंडिशने टूरमधला पस्तिसावा टप्पा जिंकला आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सचा चौतीस टप्प्यांचा विक्रम मोडला, तेव्हा नातवाचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, आता तरी मान. कॅव्हच ग्रेटेस्ट."

मी मानलं नाही. का, ते सांगते. पण त्याआधी सगळ्या उमेदवारांना न्याय द्यायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आज ब्रिटन सायकलिंगमध्ये पुढे आहे म्हणून तसं ते नेहमीच होतं असं समजू नका. आपण आज चालवतो त्या घडणीची सायकल इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, स्टार्लीने १८८५ मध्ये आणली. हवेचा टायर डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला केला. आपल्याकडच्या रॅले, हर्क्युलस, बीएसए ही सगळी नावं तिकडचीच. पण शर्यतीचं म्हणाल तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींवर बंदीच घातली. पोलीस, घोडागाड्या, प्रतिष्ठित लोकांच्या तक्रारी. मग शौकिनांनी पळवाट काढली. पहाटे, गाव उठायच्या आत, एकेकट्याने एकेका मिनिटाच्या अंतराने निघायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. अंगभर काळे कपडे, म्हणजे कुणाच्या नजरेत भरायला नको. रस्त्यांची नावंसुद्धा उघड छापायची नाहीत, त्यांना सांकेतिक क्रमांक. याला म्हणतात टाइम ट्रायल. १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्ड नावाच्या गृहस्थाने लँगोलनहून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत उघडपणे घोळक्याची शर्यत भरवली, तर संघटनेने त्याच्यावर बंदी घातली! युरोपात फ्रान्स, इटली, बेल्जियमचे स्वार डोंगर पालथे घालत होते आणि ब्रिटिश मंडळी पहाटे चोरून सायकल चालवत होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता उमेदवार.

पहिलं नाव टॉम सिम्प्सन. जन्म १९३७, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा. युरोपात जाऊन युरोपियनांना त्यांच्याच रस्त्यांवर हरवणारा. १९६२ मध्ये टूरची पिवळी जर्सी घालणारा पहिला ब्रिटिश, १९६५ चा जगज्जेता, शिवाय मिलान-सान रेमो, टूर ऑफ फ्लँडर्स, लोम्बार्डी अशा मानाच्या शर्यती खिशात. आणि १३ जुलै १९६७ ला माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगराच्या चढावर, भर उन्हात, तो सायकलवरून कोसळला आणि गेला. वय अवघं एकोणतीस. शरीरात उत्तेजक औषधाचे आणि मद्याचे अंश सापडले. आजही माथ्याच्या अलीकडे त्याचं स्मारक आहे आणि जाणारे स्वार तिथे पाण्याची बाटली, टोपी असं काहीबाही ठेवून जातात. जावई म्हणतात, "आई, सिम्प्सन नसता तर पुढचे कुणी नसते." असेल. पण त्याचं नाव निघालं की मला शर्यतींच्या आधी तो चढ आठवतो.

दुसरे रेज हॅरिस. ट्रॅकवरच्या स्प्रिंटचे बादशहा. महायुद्धात रणगाड्यावर जखमी झालेला हा माणूस १९४७ मध्ये हौशी गटाचा आणि पुढे चार वेळा व्यावसायिक गटाचा जगज्जेता झाला. गंमत म्हणजे १९७४ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पुन्हा मैदानात येऊन त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. चौपन्न म्हणजे आपल्याकडे निवृत्तीच्या कागदपत्रांची फाइल करायचं वय!

मग टॉमी गॉडविन. याचं नाव तिकडेही फारसं कुणी घेत नाही, पण मला हा माणूस फार आवडतो. १९३९ या एका वर्षात तो ७५,०६५ मैल सायकलवर फिरला. म्हणजे सव्वा लाखाला थोडे कमी किलोमीटर, दिवसाला सरासरी ३३० च्या आसपास. पुण्याहून मुंबईला जायचं, परत यायचं, वर आणखी थोडं फिरायचं, आणि असं रोज, वर्षभर. त्यात सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं, रस्त्यावरचे दिवे बंद, सायकलचा दिवाही झाकलेला, तरी थांबला नाही. आणि हो, पूर्ण शाकाहारी. हा विक्रम थेट २०१६ पर्यंत टिकला.

१९९३ साली दोघांनी मिळून जगाची करमणूक केली. ग्रॅम ओब्री हा स्कॉटलंडचा बेकार तरुण. त्याने स्वतः सायकल बनवली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातलं बेअरिंग बसवलं, आणि नॉर्वेत जाऊन एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. सहाच दिवसांत क्रिस बोर्डमनने तो विक्रम त्याच्याकडून काढून घेतला. बोर्डमन म्हणजे अभ्यास, आकडे, शिस्त. ओब्री म्हणजे अंतःप्रेरणा. वर्गात असे दोन विद्यार्थी एकाच वेळी असले की शिक्षकाचं वर्ष सोन्याचं होतं. ओब्रीने आपल्या नैराश्याच्या आजाराबद्दल पुढे मोकळेपणाने लिहिलं-बोललं, हेही त्याचं मोठेपण.

त्यानंतर पैसा आला. १९९४ मध्ये मँचेस्टरला बंदिस्त ट्रॅक झाला, १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळांना मिळू लागला, आणि त्याची फळं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसली. सायकलिंगमध्ये एकट्या ब्रिटनला आठ सुवर्णपदकं! क्रिस हॉयची त्यात तीन, एकूण कारकिर्दीत सहा. (याच हॉयने २०२४ मध्ये आपला कर्करोग बरा होण्यातला नाही हे शांतपणे जाहीर केलं आणि इतर पुरुषांना तपासणी करून घ्या म्हणून सांगत राहिला. पदकांपेक्षा हे अवघड.) जेसन केनीची सात सुवर्णं, ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त. त्याची बायको लॉरा केनी, तिची पाच. आणि सारा स्टोरी! जन्मतःच डावा हात पुरता घडलेला नाही. चौदाव्या वर्षी पोहण्यात पॅरालिंपिकला गेली, पुढे सायकलकडे वळली. २०२४ च्या पॅरिसनंतर तिच्या खात्यावर एकोणीस सुवर्णपदकं. 'सर्वश्रेष्ठ कोण'च्या गप्पांत तिचं नाव सहसा येत नाही. का येत नाही, याचा विचार करा.

रस्त्यावरचे म्हणाल तर ब्रॅडली विगिन्स २०१२ मध्ये टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश, आणि त्याच महिन्याभरात लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण. पण २०१८ मध्ये संसदेच्या समितीने, नियम मोडला नसला तरी औषधांच्या वापरात नैतिक मर्यादा ओलांडली गेली, असं म्हटलं. त्याने ते साफ नाकारलं. नैरोबीत जन्मलेला क्रिस फ्रूम तर चार वेळा टूर जिंकला आणि २०१८ मध्ये फ्रान्स, स्पेन, इटली या तिन्ही मोठ्या शर्यतींची विजेतेपदं एकाच वेळी त्याच्याकडे होती. जावयांचं मत फ्रूमला. "आई, तीन आठवडे, डोंगर, पाऊस, ऊन. याहून कठीण परीक्षा नाही."

बरोबर आहे. आणि इथेच माझ्यातली मास्तरीण जागी होते.

परीक्षा कठीण होती हे मान्य. पण परीक्षेला बसायला कुणाला दिलं होतं?

माझा उमेदवार आहे बेरिल बर्टन. लीड्सची. जन्म १९३७, म्हणजे सिम्प्सनच्याच वर्षीचा. अकराव्या वर्षी संधिवाताचा ताप आणि त्यातून मज्जातंतूंचा आजार, कित्येक महिने इस्पितळात आणि नंतर आरोग्यधामात. डॉक्टरांनी सांगितलं, हिने फार दगदग करायची नाही. शाळेतली महत्त्वाची परीक्षा नापास. पुढे नोकरीत चार्ली बर्टन भेटला, त्याने सायकलची गोडी लावली, लग्न झालं, मुलगी झाली. आणि मग ही 'दगदग न करणारी' बाई सुटली ती सुटलीच.

सात वेळा जागतिक विजेती. पाच वेळा ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीत, दोनदा रस्त्यावर. देशातली अजिंक्यपदं नव्वदीच्या वर. वर्षभरातल्या टाइम ट्रायल्सवरून ठरणारा सर्वोत्तम महिला सायकलपटूचा मान १९५९ ते १९८३ अशी सलग पंचवीस वर्षं तिच्याकडे. पंचवीस वर्षं! आमच्या शाळेत पहिल्या वर्षी माझ्या वर्गात असलेल्या मुलीची मुलगी माझ्या वर्गात आली, एवढा तो काळ.

आणि हे सगळं करत असताना ती काय काम करत होती? मॉर्लीला रुबार्बच्या शेतावर मजुरी. रुबार्ब म्हणजे आपल्या चुक्याच्या कुळातली आंबट दांड्यांची भाजी, यॉर्कशायरचा तो भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. थंडीत खोदायचं, ओझी उचलायची. तिच्या समोर जागतिक स्पर्धेत सोव्हिएत रशियाच्या मुली असायच्या, त्यांच्या पाठीशी अख्खं सरकार. हिच्या पाठीशी चार्ली. तो सायकल दुरुस्त करायचा, गाडी चालवायचा, मुलीला सांभाळायचा. त्या काळात ही गोष्ट लहान नाही. चार्लीसाठी वेगळा लेख लिहायला हवा.

आता १९६७ चा सप्टेंबर. महिन्याच्या सुरुवातीला तिने नेदरलँड्समध्ये हेरलेनला रस्त्यावरचं जागतिक विजेतेपद जिंकलं. आणि दोन आठवड्यांनी ओटली क्लबची बारा तासांची टाइम ट्रायल. बारा तासांत किती अंतर कापता, एवढाच हिशेब. पुरुष आधी निघाले, एकेका मिनिटाने, नव्याण्णव जण. शेवटी निघाला माइक मॅकनमारा, त्या मोसमातला अव्वल स्वार. त्याच्या मागून दोन मिनिटांनी बेरिल. एकेक करत ती पुरुषांना मागे टाकत गेली. २३५ मैलांनंतर समोर मॅकनमारा दिसला. तो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या वाटेवर होता, आणि त्याने तो मोडलाही! पण त्याला गाठल्यावर बेरिलला काय बोलावं सुचेना. तिने खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली. आणि ती पुढे निघून गेली.

बेरिल : २७७.२५ मैल. मॅकनमारा : २७६.५२.

म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर. पुरुषांना तो आकडा ओलांडायला १९६९ उजाडावं लागलं. बायकांमध्ये तो पन्नास वर्षं टिकला.

जावयांचे आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला, "आई, त्या काळी बायका उतरायच्याच किती? स्पर्धा कमी, म्हणून पदकं जास्त." दुसरा, "मॅकनमारा चांगला हौशी स्वार होता, पण सिम्प्सनसारखे व्यावसायिक कुठे त्या शर्यतीत होते?" दोन्ही मुद्दे खरे. पण माझं म्हणणं एवढंच, की वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या शर्यतींतल्या माणसांची तुलना करायची तर निदान एक तरी पेपर समान हवा. फ्रूमचा पेपर वेगळा, हॉयचा वेगळा, कॅव्हेंडिशचा वेगळा. मराठीचे ऐंशी आणि गणिताचे ऐंशी यांची बेरीज होते, तुलना होत नाही. त्या सप्टेंबरच्या दिवशी मात्र रस्ता तोच, वारा तोच, घड्याळ तेच. आपल्या काळातल्या पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम त्यांच्याच शर्यतीत मागे टाकणारी बाई मला दुसऱ्या कुठल्या खेळात अशी चटकन सांगता येत नाही.

आणि ऑलिंपिक? तिच्याकडे एकही ऑलिंपिक पदक नाही. कारण बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये सायकलिंगच नव्हतं! रस्त्यावरची शर्यत आली १९८४ मध्ये, तेव्हा बेरिल सत्तेचाळीस वर्षांची. तिची खास पाठलागाची शर्यत आली १९९२ मध्ये, तेव्हा ती पंचावन्न. यादी करणारे पदकं मोजतात, आणि तिच्या रकान्यात शून्य दिसतं. ते शून्य नापासाचं नाही. तो पेपरच कुणी काढला नव्हता.

इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धांत मुलींसाठी काय असायचं, सांगू? लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, सुईत दोरा, आणि शंभर मीटर. लांब पल्ल्याची धाव फक्त मुलांची. मुलींना झेपत नाही म्हणून. त्या वेळी एक मुलगी वस्तीवरून रोज सहा किलोमीटर चालत यायची, आणि उशीर झाला की चालत नव्हे, पळत यायची. दप्तर पाठीवर, पायात चपला. मी सायकलवर असायचे, माझी लेडीज हर्क्युलस, कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा. चढाला ती पोरगी मला मागे टाकायची आणि वर पोचून माझी वाट बघत उभी राहायची. "बाई, दमलात?" असं विचारायची. मी शिक्षकांच्या बैठकीत मागणी केली, मुलींसाठी आठशे मीटर ठेवा. दोन वर्षं ती मागणी हसण्यावारी गेली. तिसऱ्या वर्षी मंजूर झाली. तोवर त्या पोरीचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. नववी पुरी झाली नाही. शाळेच्या कपाटात ढाली होत्या, करंडक होते, विजेत्यांच्या नावांचा फळा होता. त्या फळ्यावर तिचं नाव नाही. फळा वाचणाऱ्याला वाटणार, त्या वर्षांत शाळेत पळणारी मुलगीच नव्हती.

म्हणून "आकडे बोलतात" असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणाचे?

आता, बेरिल देवी होती असं मी म्हणणार नाही. तिची मुलगी डेनिसही उत्तम सायकलपटू निघाली. १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतीत डेनिसने आईला शेवटच्या क्षणी हरवलं, आणि बक्षीस समारंभात बेरिलने पोटच्या मुलीशी हस्तांदोलन केलं नाही. मी आई आहे, आजी आहे. हे वाचलं तेव्हा पोटात कालवलं. जावई हा प्रसंग मुद्दाम काढतात. "बघा, तुमची बेरिल!" लेक मात्र त्यावर एकदा छान बोलली. म्हणाली, "पुरुष खेळाडू हरल्यावर रॅकेट आपटतो, तेव्हा आपण म्हणतो जिंकण्याची भूक. बाईने हात मिळवला नाही की म्हणतो, कसली ही आई!" मला ते पटतं, पण अर्धंच. जिद्दीचीही एक किंमत असते, आणि ती बहुतेक वेळा घरातलं माणूस भरतं. डेनिसने भरली, चार्लीने भरली. मोठेपणाच्या यादीत हा रकानाही असायला हवा. असा रकाना काढला तर सिम्प्सनपासून सगळ्यांच्या पुढे काही ना काही लिहावं लागेल.

५ मे १९९६ ला बेरिल गेली. एकोणसाठाव्या वाढदिवसाला आठवडा होता. वाढदिवसाची आमंत्रणं वाटायला निघाली होती, अर्थातच सायकलवर. वाटेतच हृदय थांबलं. मॉर्लीत तिच्या नावाची छोटी बाग आहे, भिंतीवर तिचं मोठं चित्र आहे.

तिचा वारसा कुणाला मिळाला, हे पाहिलं तर मन भरून येतं. वेल्सची निकोल कुक २००८ मध्ये एकाच वर्षी ऑलिंपिक आणि जागतिक अशा रस्त्यावरच्या दोन्ही शर्यती जिंकली. आम्ही जिथे उभे होतो त्या ओटलीचीच लिझी डेगनन २०१५ मध्ये जगज्जेती झाली. पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरून जाणारी भयंकर शर्यत १८९६ पासून पुरुषांची होती. बायकांना ती पहिल्यांदा खुली झाली २०२१ मध्ये, सव्वाशे वर्षांनी, आणि ती पहिली शर्यत लिझीने जिंकली. पेपर काढला की सोडवणारी निघते, हा माझा अनुभव आहे.

तर माझा निकाल असा. पहिली बेरिल बर्टन. दुसऱ्या क्रमांकावर नातवाच्या समाधानासाठी नव्हे, खरोखरच, कॅव्हेंडिश. कारण २०२३ मध्ये टूरमध्ये पडून गळपट्टीचं हाड मोडलं, निवृत्ती जाहीर केलेली, ती मागे घेऊन एकोणचाळिसाव्या वर्षी परत येऊन जिंकणं म्हणजे खायचं काम नाही. तिसरी सारा स्टोरी. फ्रूम, हॉय, केनी हे पुढे. टॉमी गॉडविनला उत्तेजनार्थ बक्षीस माझ्या पदरचं. जावयांना हा निकाल मान्य नाही, त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला आहे. करू देत. लोकशाही आहे.

एक शेवटचं. बेरिलचा बारा तासांचा विक्रम २०१७ मध्ये ॲलिस लेथब्रिज या तरुणीने मोडला. नातवाला वाटलं, आजी हिरमुसली असेल. उलट मला बरं वाटलं. एखादा विक्रम पन्नास वर्षं टिकतो तेव्हा आपण विक्रम करणारीचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण मागून येणाऱ्या कितीजणींना त्या पन्नास वर्षांत सायकल मिळाली, सुट्टी मिळाली, चार्लीसारखा जोडीदार मिळाला, हाही हिशेब त्या टिकण्यात असतो. विक्रम मोडला याचा अर्थ मागून कुणीतरी येत होतं. एवढं कळलं तरी माझं काम झालं.